ओढ्यापलीकडची चार घरं आणि पाटसकर बाई

शिरूरच्या एसटी डेपोतून पहिल्या दिवशी आमच्या गावी जे सामान आलं ते असं: गाईंच्या गळ्यात बांधायचे पट्टे दोन पोती, काळ्या पेट्या तीन खोकी, वायरीचं एक भेंडोळं आणि पुरुषभर उंचीची एक अँटेना. पुण्याहून पार्सलचे तीनशे दहा रुपये, डेपोतल्या हमालाचे ऐंशी, गावापर्यंत टेंपोचे पाचशे. पावतीत न मावलेल्या एकच, डॉ. हेमलता पाटसकर. त्या ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. अँटेनेचं एक टोक त्यांच्या मांडीवर होतं आणि दुसरं खिडकीबाहेर.

आमच्या महिला दूध संस्थेचा हिशेब मी ठेवते, म्हणून सामान उतरवून घ्यायला मी उभी होते. बाईंनी उतरताच विचारलं, हिशेब कोण लिहितं. मी म्हटलं, मी. तर म्हणाल्या, "मग टेंपोच्या पाचशेपुढे 'जास्त गेले' असं लिहा. मला घासाघीस जमली नाही." पुण्याच्या कॉलेजातल्या एवढ्या मोठ्या बाई, आणि पहिलं बोलणं हे. त्यांचं आणि माझं तिथंच जमलं.

बाईंना आता साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांचे विद्यार्थी गौरवग्रंथ काढताहेत आणि त्यात तुमची चार पानं हवीतच असं त्यांनी मला कळवलं. मी दहावी पास. या ग्रंथात देशोदेशीची माणसं लिहिणार, त्यांच्या पंगतीत माझं काय काम, असं वाटलं खरं. पण बाईंचं काम शेवटी आमच्या गोठ्यातच येऊन उतरलं, आणि गोठ्यातून काय दिसलं ते सांगायला गोठ्यातलंच कुणी पाहिजे.

त्यांचं काम मला समजलं तसं सांगते. त्याला फेडरेटेड लर्निंग म्हणतात. पट्टा गाईच्या गळ्यात असतो. गाय रवंथ किती करते, बसते किती, अंग तापलंय का, हे तो घरातल्या पेटीला कळवतो. पेटी हळूहळू त्या गाईची रीत शिकते आणि रीत मोडली की फोनवर कळवते, गाईकडे बघा. पण एका घरात गाई दोन नाहीतर तीन. तेवढ्यावर पेटी किती शिकणार? गावातल्या सगळ्या पेट्यांचं शिकणं एकत्र व्हायला हवं. तिथंच बायका अडून बसल्या. आपली गाय आजारी आहे हे एकदा घराबाहेर गेलं की संकलन केंद्रावरून दूध परत येतं आणि बाजारात गाईला कोणी विचारत नाही.

बाईंनी त्यांना मसाल्याचं उदाहरण दिलं. काळा मसाला घरोघरी होतो. कुणी कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही. ठरलेल्या मापाने मसाला करायचा, आपल्या घरी भाजी करून बघायची आणि एवढंच सांगायचं की धणे जरा वाढवा, मिरची जरा कमी करा. सगळ्यांच्या अशा सूचना गोळा करून माप सुधारायचं आणि सुधारलेलं माप पुन्हा घरोघर द्यायचं. डबा ज्याचा त्याच्या घरात राहतो, माप मात्र सगळ्या गावाचं होतं. हे बायकांना पटलं.

अडचण होती ती सूचना पोचण्याची. पेटीचा निरोप हवेतून संस्थेच्या गच्चीवरच्या अँटेनेपर्यंत जातो. वाटेत उभा ऊस असतो, पत्र्याचे गोठे असतात, विहिरीवरच्या मोटारी चालू-बंद होत असतात. निघालेलं "जरा कमी" पोचताना "फार जास्त" होऊन पोचतं. असा एक बिघडलेला निरोप मापात मिसळला की सगळ्या गावाचा मसाला नासतो. निरोप मोडके आले तरी माप नासू नये, या एका प्रश्नावर बाईंनी उमेदीची सगळी वर्षं घातली आहेत.

या वेडाचं मूळ दौंडला आहे असं त्या सांगतात. त्यांचे वडील तिथं रेल्वेत होते. पुढच्या स्टेशनाशी फोनवर गाड्यांचे निरोप देणं-घेणं हे त्यांचं काम. पलीकडच्याने आकडा परत म्हणून दाखवल्याशिवाय ते गाडी सोडत नसत. फोनमध्ये खरखर असायची, प्लॅटफॉर्मवर लोक वैतागायचे, आणि वडील शांतपणे पुन्हा विचारायचे. त्यांचा जेवणाचा डबा घेऊन जाणारी मुलगी ते ऐकत उभी राहायची.

बाई आपल्या शब्दाला किती पक्क्या, ते आम्ही लवकरच पाहिलं. दूध घेणाऱ्या एका डेअरीचा माणूस गोड बोलत त्यांच्याकडे आला आणि कुणाकुणाच्या गाईला ताप आहे तेवढं सांगा म्हणाला. बाई म्हणाल्या, ते माझ्याकडे येतच नाही, मी येऊच दिलेलं नाही. तो हसून म्हणाला, थोडं तरी दिसत असेल की. बाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. संस्थेच्या बायका दारामागून ऐकत होत्या. त्या दिवसानंतर पट्टे नको म्हणणाऱ्या घरांनीही पट्टे मागून नेले.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते सांगते.

आमचं गाव घोड नदीच्या अंगाला, इनामगावच्या रस्त्यावर. गावाशेजारून ओढा जातो आणि ओढ्यापलीकडे खोलगटात बौद्धवस्ती आहे. तिथल्या चार घरांत पेट्या दिल्या होत्या. त्यातलं एक घर विमलताईंचं. मालक रांजणगावला कंपनीत, आणि गाई सगळ्या विमलताईंच्या अंगावर. आदल्या वर्षी त्यांची एक गाय व्याल्यावर बसली ती उठलीच नाही. तिचीच आधीच्या वेतातली कालवड पुढे पहिल्यांदा व्यायची होती. तिच्या वेळी तरी आधी कळावं, एवढ्यासाठी त्यांनी पेटी घेतली होती.

वर्ष होत आलं तरी पेट्या नीट सांगेनात. धडधाकट गाईला आजारी म्हणत आणि खरं दुखणं सोडून देत. वस्तीवरच्या चार घरांचे निरोप सगळ्यात मोडके येत, आणि आले तरी बाकी गावाशी जुळत नसत. त्यातच या कामाला पैसा देणारी मंडळी बघायला यायची होती. त्यांना पटलं तर दौंडच्या बाजूला पार यवतपर्यंत पेट्या जाणार होत्या.

संस्थेच्या शेडमध्ये सगळ्यांना बोलावलं. बाईंचे विद्यार्थी निखिल यांनी लॅपटॉपवर दाखवलं, ही चार घरं ठेवली तर असं होतं, काढली तर असं. चार घरं काढली की सगळं गाव एकदम सुतासारखं सरळ दिसत होतं. पुढच्या रांगेतली एक जण म्हणाली, मग काढा की, तिकडं रेंजच न्हाई.

विमलताई दारापाशी बसल्या होत्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"रेंज न्हाई म्हणून आमास्नी काढताय. नळ आलं तवा प्रेशर न्हाई म्हणून काढलं हुतं. गाय आमचीबी रवंथच करती, वैनी. तंबाखू न्हाई चघळत."

बायका हसल्या.

बाई निखिलकडे बघून म्हणाल्या, "चार घरं काढली की आकडे सुधारतात हे दिसतंय मला. पण तू पेट्यांना शिकवत नाहीयेस, आकडे धुतोयस." निखिल यांचा चेहरा उतरला. पेट्या राहतील, बाई म्हणाल्या, आणि सभा संपली.

हे मला आवडलं आणि नाहीही आवडलं. जेवताना मी बाईंना म्हटलं, तो पोरगा वर्षभर आमच्याबरोबर शेणात उभा राहिलाय, त्याला एवढ्या बायकांत असं बोलायला नको होतं. बाई भाकरी मोडता मोडता थांबल्या. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या त्याच बायकांसमोर त्यांनी निखिलना बोलावलं आणि म्हणाल्या, काल माझं म्हणणं बरोबर होतं, बोलणं चुकीचं होतं. मोठ्या माणसाला चारचौघांत एवढं सरळ बोलताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

त्याच दिवशी बाई पिशवी घेऊन ओढा ओलांडून गेल्या आणि विमलताईंच्या घरी मुक्कामाला राहिल्या. वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर दुसरी अँटेना चढवली. निरोप घेण्याची रीत बदलली. एकदा स्पष्ट आला नाही तर पुन्हा मागायचा, दोन खेपा जुळल्या की धरायचा. अगदीच पुसट असला तर त्याचं वजन कमी धरायचं, पण शून्य धरायचं नाही. आणि कुणाचाही एक निरोप सगळं माप आपल्याकडे ओढू शकणार नाही एवढा लगाम सगळ्यांना सारखा. "शून्य नाही" हे त्या निखिलना पुन्हा पुन्हा सांगत.

हळूहळू वस्तीचे निरोप धड येऊ लागले. पण बाकी गावाशी जुळले ते नाहीच. निखिल म्हणाले, मॅडम, आता तर नक्कीच त्यांच्या पेट्या चुकताहेत. बाई म्हणाल्या, "आधी मोडकं आणि वेगळं होतं. आता धड आहे आणि तरी वेगळं आहे. म्हणजे तिकडून कोणीतरी काहीतरी सांगतंय."

एवढ्यात पाहुणे आले. चार घरं बाजूला ठेवून छान चित्र दाखवणं बाईंच्या हातात होतं. त्यांनी सांगितलं, काम अजून झालेलं नाही, पुढच्या वर्षी या. पाहुणे चहा पिऊन गेले आणि यवतकडच्या पेट्या थांबल्या. कॉलेजात बाईंना बरंच ऐकून घ्यावं लागलं असं निखिल यांच्याकडून कळलं. थोडं मऊ बोलल्या असत्या तर दोन्ही साधलं असतं, असं मला आजही वाटतं. पण मऊ बोलणं त्यांच्यात नाही.

मग एक दिवस सकाळी बाई हातात कागद घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आल्या. म्हणाल्या, तुमच्या घरच्या एका पट्ट्याचा निरोप मधे थोडे दिवस अजिबात येत नाही आणि मग आपोआप सुरू होतो. शेजारच्या घरी तसंच, त्यापलीकडेही तसंच. वेळ प्रत्येकाची वेगळी, पण दिवस जवळपास तेवढेच. आम्ही इतके दिवस समजत होतो की ही हवेतली गडबड आहे.

"पण हवेतली गडबड पंचांग बघून येत नसते, पुष्पाताई. त्या दिवसांत तुमच्या घरी काय होतं?"

मी आठवून सांगितलं, चंद्री व्याली होती. आणि सांगता सांगताच मी उठले, फळीवरचा तांदळाचा स्टीलचा डबा काढला, झाकण उघडून त्यांच्यापुढे ठेवला. आदल्याच दिवशी आमची दुसरी गाय, कपिला, व्याली होती. तिचा पट्टा तांदळात होता.

आमच्याकडे व्यालेल्या गाईला दृष्ट लागते म्हणून थोडे दिवस तिला कुणाच्या नजरेस पडू देत नाहीत. पट्ट्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. तो दिवा बघूनच नजर तिकडे जाणार. म्हणून गाय व्याली की बायका पट्टा सोडायच्या. आधी खुंटीला टांगायच्या, तर गाय हालत नाही, रवंथ करत नाही म्हणून पेटी ओरडायची. मग कुणीतरी युक्ती काढली की पट्टा स्टीलच्या डब्यात घातला, झाकण घट्ट लावलं, की पेटी गप्प बसते. ही युक्ती देवळाच्या पायरीवर एकीकडून दुसरीकडे गेली. बाईंना कुणी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नाही.

बाई डब्याकडे बघत राहिल्या, मग फरशीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. माझ्या सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "हसताय व्हय? व्यालेल्या गाईच्या गळ्यात दिवाळी बांधून ठिवायची का?"

बाईंनी डोळे पुसून विचारलं, वस्तीवर असं करत नाहीत का? सासूबाई म्हणाल्या, त्ये न्हाई मानत दृष्ट-बिष्ट.

बाईंचं हसू थांबलं. गाईला सगळ्यात जपायचं ते व्याल्यानंतरच्या दिवसांत, आणि त्या दिवसांत गाय कशी असते हे आमच्या गावातल्या एकाही पेटीने कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते फक्त ओढ्यापलीकडच्या चार पेट्यांनी. त्या वर्षभर तेच कळवत होत्या, आणि बाकी सगळं गाव मिळून त्यांना चूक म्हणत होतं. त्यांना काढून टाकलं असतं तर सगळं सुतासारखं सरळ दिसलं असतं आणि गाई बसत राहिल्या असत्या.

मी देवाधर्माची बाई आहे. सकाळची पूजा झाल्याशिवाय चहा घेत नाही. दृष्टीचं कळल्यावर बाई आता आम्हांला विज्ञान सांगणार, अशी मी मनाची तयारी केली होती. बाई स्वतः देवळात हात जोडत नाहीत, ते मी पाहिलेलं आहे. पण त्या सासूबाईंच्या बाजेपाशी जाऊन बसल्या.

"मावशी, नजर दिव्याकडे जाते ना? मग आपण दिवा झाकू या."

त्यांनी माझ्याकडून काळ्या कापडाचा तुकडा मागून घेतला आणि पट्ट्यावर दिव्याच्या जागी शिवला. सासूबाईंनी वरून काळा दोरा बांधला. बांधताना पट्टा बाईंनी धरला. तोच पट्टा आम्ही कपिलाच्या गळ्यात घातला. त्याच रात्री बाईंनी व्याल्यानंतरच्या दिवसांसाठी वस्तीच्या निरोपांवरून माप सुधारलं आणि ते सगळ्या पेट्यांना दिलं. चार दिवसांत सगळ्या आळीने पट्ट्यांना कापड शिवून घेतलं. कुणाचं काही मोडलं नाही.

कपिलाला पट्टा घातला त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी फोन वाजला, गाईकडे बघा. मी गोठ्यात गेले. कपिला उभी होती, वैरण खात होती. सासूबाई म्हणाल्या, काय झालंय तिला, चांगली तर हाय. बाईंनी सांगून ठेवलं होतं म्हणून मी कानाला हात लावला. कान गार होते. शिरूरहून डॉक्टर आले, त्यांनी कॅल्शियम लावलं आणि म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असता तर ही बसली असती. गाय संध्याकाळी वासराला चाटत उभी होती. आमच्या पेटीला ते कळलं कारण ओढ्यापलीकडच्या गाईंकडून ती शिकली होती. कुणाची गाय, कोणतं घर, हे तिला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती.

बातमी कळून विमलताई आल्या. गोठ्याच्या दारातून त्यांनी कपिलाला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मला म्हणाल्या, "मंग वैनी, आता आली का रेंज?" सासूबाईंनी त्यांना आत बोलावलं. ओट्यावर नाही, आत. चहा मी केला, पण कप सासूबाईंनी स्वतः दिला. आमच्या घरात हे पहिल्यांदा होत होतं.

पुढे विमलताईंची कालवड व्याली. त्या दिवसांत पेटीने एकदाही काही कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही झालंच नाही. तरी विमलताई गोठ्यातून हलल्या नाहीत, आणि बाई पुण्याहून सकाळ-संध्याकाळ फोन करून कान गार आहेत का ते विचारत राहिल्या. पेटीवर एवढा विश्वास आणि तरी हे विचारणं, हे दोन्ही एकाच माणसात असतं हे मला त्यांच्यामुळे कळलं.

पाहुणे पुढच्या वर्षी परत आले आणि पेट्या यवतपर्यंत गेल्या. आता ते काम निखिल बघतात. बाईंनी घालून दिलेला नियम ते मोडत नाहीत: एखाद्या घराचा निरोप नीट येत नाही म्हणून ते घर काढायचं असेल, तर आधी त्या घरी जाऊन राहायचं. नव्या गावात पहिल्या दिवशी बायकांना निखिल स्टीलच्या डब्यांबद्दल विचारतात आणि बायका आधी लाजतात, मग सांगतात.

बाई, ग्रंथ वाचणाऱ्यांसाठी एवढं लिहिलं, आता थोडं तुमच्याशी. साठी म्हणजे काही वय नाही, पण तुमचे गुडघे तुमचं ऐकत नाहीत हे टाकीची शिडी चढताना मी पाहिलंय. जेवण वेळेवर घेत जा. चहावर दिवस काढू नका. तुम्हांला निरोगी शंभरी लाभावी आणि शेवटपर्यंत तुम्ही अशाच हट्टी राहाव्यात, हे मी रोज देवापुढे मागते. तुम्ही मानत नसलात तरी मागणारी मी आहे, तेव्हा तुमची हरकत चालणार नाही.

एक काम आहे. विमलताईंची ती कालवड आता दुसऱ्यांदा व्यायला आलीय, महिनाअखेरचा अंदाज आहे. चिकाला तुमचा हात लागल्याशिवाय खरवसाची चूल पेटवायची नाही असं त्यांनी ठरवलंय. चीक त्यांचा, गूळ आणि वेलदोडा माझा, आणि सासूबाईही येणार म्हणतात. चीक थांबत नाही, म्हणून दिवस आधी कळायला हवा. शिरूरच्या स्टँडवर मी आणि विमलताई घ्यायला येऊ. फोनवर तुम्ही हो म्हणता आणि मग कॉलेजचं काहीतरी निघतं, तेव्हा लेखी पाहिजे. तारीख घालून, सही करून, उलट टपाली कळवा. पाकिटावर पत्ता विमलताईंच्या घरचा घाला. ओढ्यापलीकडे पोस्टमन जातो, मी विचारून ठेवलंय.